साडी विकली गेली, पिन चालूच राहिली: भंडारा जिल्ह्यातल्या एका विणकर घराचा पिंटरेस्टचा अनुभव

पार्श्वभूमी

भंडारा जिल्ह्यात कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, विणकाम म्हटलं की मोहाडी, आंधळगाव, पवनी ही नावं आधी तोंडावर येतात. हे प्रकरण त्याच पट्ट्यातल्या एका घराचं. गाव आणि माणसं ओळखू येतील असे तपशील गाळले आहेत. घरात सासरे मागावर बसतात, मुलगा धानाची शेती सांभाळून सूत आणणं, माल पोचवणं बघतो, आणि बीकॉम झालेली सून हिशेब, फोटो, फोन, कुरिअर असं बाकी सगळं. शेजारच्या काही घरांचे मागही यांच्यासाठी चालतात. वेबसाइटच्या कामात मी या घराला नागपूरहून मदत करत होतो, म्हणून ही हकीकत जवळून पाहता आली.

माल म्हणजे करवत काठी साडी. अंग कोशाचं, काठ सुताचे, आणि काठ जिथे अंगाला भिडतो तिथे करवतीच्या दात्यांसारखी नक्षी. दोन्हीकडचे काठ आणि मधलं अंग वेगवेगळ्या धोट्यांनी (आडवा धागा नेणाऱ्या साधनांनी) विणून एकमेकांत अडकवत जायचं, म्हणून तीन धोटे लागतात आणि म्हणूनच वेळही लागतो. या साडीला भौगोलिक मानांकन आहे. कोसा ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवरच्या किड्यांचा. त्याचा नैसर्गिक रंग एका लॉटमध्ये मधासारखा, तर दुसऱ्यात राखेकडे झुकणारा. त्यामुळे आज विकलेल्या साडीची हुबेहूब जोडी उद्या मागावरून उतरेलच असं नाही. ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरली.

अडचण

सूनबाईंनी इन्स्टाग्रामवर खातं काढलं होतं. सासऱ्यांचा धोटा फेकतानाचा एक रील तुफान चालला. दोन दिवस फोन खाली ठेवायला फुरसत नव्हती. मग सगळं शांत. पुन्हा तसा रील चालेल या आशेवर रोज काहीतरी टाकायचं, आणि टाकलं नाही की दुसऱ्या आठवड्यात विचारणा बंद. माग तोच, अंगण तेच, नक्षी तीच. रोज नवीन दाखवणार काय? सासऱ्यांचं म्हणणं एका ओळीचं होतं: "लोकं पाहतेत लय, पन घेते कोन?"

त्यात इथल्या कामाची चाल वेगळी. आषाढात रोवणी, म्हणजे धानाची लावणी, लागली की निम्मे हात शेतात जातात आणि मागांचा आवाज मंदावतो. सोशल मीडियाला मात्र रोजचा घास लागतो. वेबसाइट होती, पण तिच्यावर येणारे लोक म्हणजे ओळखीतले आणि इन्स्टाग्रामच्या लिंकवरून चुकून आलेले. गरज अशा वाटेची होती जी एकदा बांधली की रोवणीच्या महिन्यातही माणसं आणत राहील.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय पैसे देऊन जाहिरात. थोडी करून पाहिली होती. पैसे थांबले की गिऱ्हाईकही थांबायचं. दुसरा, मोठ्या ऑनलाइन बाजारात दुकान. तिथे यंत्रमागावरची नकली 'टसर' निम्म्याहून कमी भावात शेजारीच मांडलेली असते, आणि तीन धोट्यांची साडी त्या रांगेत ठेवली की ती फक्त महाग दिसते. प्रदर्शनं चालूच होती आणि ती बंद करायचा प्रश्न नव्हता.

तिसरा पर्याय पिंटरेस्ट. घरात कुणालाच त्याची फारशी ओळख नव्हती. २०१० साली सुरू झालेलं हे माध्यम दिसायला इन्स्टाग्रामसारखं असलं तरी वागायला सर्च इंजिनसारखं आहे. माणूस इथे 'कोण काय करतंय' ते बघायला येत नाही. काहीतरी ठरवायचं असतं म्हणून येतो. लग्नात काय नेसायचं, ब्लाउज कसा शिवायचा, घर कसं लावायचं. तो शब्द टाइप करतो, चित्रं येतात, त्यातलं एक तो आपल्या बोर्डवर, म्हणजे विषयवार संग्रहात, जपून ठेवतो. प्रत्येक चित्राला, म्हणजे पिनला, वेबसाइटची लिंक जोडता येते. एक चांगली पिन महिनोन्‌महिने, कधी काही वर्षंही शोधात वर येत राहते. इन्स्टाग्रामची पोस्ट तेवढी टिकत नाही.

दुसऱ्या बाजूलाही वजन होतं. फळ यायला महिने लागतात, पिंटरेस्टवरचे बरेच लोक परदेशातले, आणि भारतात साडी घेणारी बाई तिथे किती असते याचा कुणालाच अंदाज नव्हता. तरी निर्णय झाला तो वेगळ्या कारणाने. सूनबाई म्हणाल्या, "दादा, मले रोज नाचता येत नाही. पन पंधरा दिवसांतून एकदा बसून नीट काम करता येते." कामाची ही चाल पिंटरेस्टला मानवणारी होती.

पहिला टप्पा: शब्द शोधणं

बिझनेस खातं फुकट मिळतं. ते काढून वेबसाइट आपली असल्याचं सिद्ध केलं, म्हणजे वेबसाइटच्या कोडमध्ये पिंटरेस्टने दिलेली एक ओळ टाकली. मग पहिले बोर्ड तयार झाले: 'आमचं कलेक्शन', 'नवीन माल', 'करवत काठी'. पहिल्या दोन नावांनी जगात कुणी काही शोधत नाही. तिसरं ज्यांना माहीत आहे ते आधीच आपले गिऱ्हाईक आहेत.

म्हणून पिंटरेस्टच्याच शोधखिडकीत एकेक शब्द इंग्रजी अक्षरांत टाकून खाली काय सुचवलं जातं ते वहीत उतरवायचं ठरलं. फुकटातलं आणि सगळ्यात भरवशाचं साधन हेच. 'टसर सिल्क साडी' लिहिलं की पुढे ब्लाउजचे नमुने, लग्न, साधा काठ, रंगांच्या जोड्या असं यायचं. 'कोसा' लिहिलं की बहुतेक छत्तीसगडचा माल समोर यायचा, कारण त्या नावाने चांपा भागाचं विणकाम आधीच ओळखलं जातं. आपल्या घरात कोसा म्हणतात, पण शोधणारा टसर म्हणतो. तेव्हा शीर्षकात टसर, पानावर कोसा आणि करवत काठी दोन्ही, असा मार्ग निघाला.

मराठीतून पिनांची शीर्षकं द्यावीत का, यावर बराच खल झाला. काही पिना देवनागरीत करून पाहिल्या. पिंटरेस्टवर त्या जवळजवळ दिसल्याच नाहीत. पण वेबसाइटवरचा मराठी मजकूर गुगलवरून पुण्या-मुंबईच्या वाचकांना आणत होता. त्यामुळे पिन इंग्रजी अक्षरांत आणि पान दोन्ही भाषांत, असं ठरलं.

नवे बोर्ड शोधणाऱ्याच्या गरजेवरून बांधले: टसर साडीवर कोणता ब्लाउज, हातमागाच्या लग्नाच्या साड्या, टसरची ओळख आणि निगा. चित्र उभं, दोनास तीन प्रमाणात, १००० बाय १५०० पिक्सेल. शीर्षकाला १०० अक्षरांची मर्यादा असते, पण फीडमध्ये सुरुवातीचे मोजकेच शब्द दिसतात, म्हणून महत्त्वाचा शब्द आधी. फोटोच्या फाइलचं नाव आणि चित्राचा पर्यायी मजकूर, म्हणजे चित्रात काय आहे ते सांगणारी ओळ, हेही शब्दांत लिहिलं, कारण त्याचा उपयोग गुगलच्या चित्रशोधालाही होतो. फोटो सकाळच्या उन्हात, अंगणात. कोशाचा खरा रंग ट्यूबलाइटखाली कधीच येत नाही.

पहिला निर्णयबिंदू: सेव्ह की क्लिक

पहिले काही महिने जवळपास काहीच घडलं नाही. मग सेव्ह वाढायला लागले. पूर्ण साडीचे, नीट घडी घातलेले फोटो लोक भराभर जपून ठेवत होते. घरात आनंद झाला. वेबसाइटवर मात्र कुणी येत नव्हतं.

पिंटरेस्टच्या आकडेवारीत चार गोष्टी वेगळ्या दिसतात: पिन किती वेळा नजरेखालून गेली, किती जणांनी ती उघडली, किती जणांनी जपली, आणि किती जण लिंकवरून बाहेर, म्हणजे आपल्या वेबसाइटवर गेले. या घराच्या कामाचा आकडा शेवटचा होता, आणि सगळे बघत होते तिसरा. साडीचा सुंदर फोटो बघणाऱ्याला हवं ते तिथेच मिळतं. तो बघतो, जपतो, पुढे जातो. लिंक दाबायला त्याला काही कारणच उरत नाही.

इथे सासऱ्यांच्या एका सवयीने वाट दाखवली. प्रदर्शनात कुणी 'हे खरं टसर कशावरून?' विचारलं की ते साडीच्या पदरातून एक धागा काढून काडीने जाळून दाखवतात. कोशाचा धागा जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख चिमटीत चुरगळते. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. पण करवत काठीत एक अडचण आहे: काठ सुताचा असतो, त्याचा धागा कागदासारखा जळतो. म्हणजे अर्धवट माहिती असलेली बाई घरी काठाचा धागा जाळते आणि खरी साडी खोटी ठरवते. असं फोनवर भांडण झालेलंही होतं.

त्या भांडणातून पिन तयार झाली. चित्रात तीन धागे, तीन प्रकारची राख, आणि शीर्षक टसर ओळखण्याबद्दल. पानावर पूर्ण माहिती: धागा कुठून घ्यायचा, कुठून घ्यायचा नाही, सिल्क मार्कचं, म्हणजे अस्सल रेशमाच्या खुणेचं, लेबल काय सांगतं. पुढच्या काही आठवड्यांत साड्यांच्या सगळ्या पिनांनी मिळून जेवढे लोक वेबसाइटवर आणले होते, त्याहून जास्त या एका पिनेने आणले. मग पाठोपाठ तशाच आणखी: पहिली धुलाई ड्रायक्लीनच का, घडी अधूनमधून मोडून मलमलमध्ये का ठेवायची, गडद काठावर कोणत्या रंगाचा ब्लाउज. साडीचे फोटो बंद केले नाहीत, पण निम्म्याहून जास्त श्रम आता प्रश्नांना उत्तर देणाऱ्या पिनांवर जायला लागले.

दुसरा निर्णयबिंदू: पिन जिवंत, पान मेलेलं

या प्रकरणातला खरा पेच हाच.

हातमागाची साडी एकच असते. ती विकली गेली की दुकानाच्या सॉफ्टवेअरमधल्या नेहमीच्या सेटिंगप्रमाणे तिचं पान आपोआप निघून जायचं. इन्स्टाग्रामच्या जमान्यात याचं कुणाला काही वाटलं नाही, कारण पोस्ट जुनी होईपर्यंत पानही जुनं झालेलं असायचं. पिंटरेस्टवर मात्र साडी विकल्यावर तीन-चार महिन्यांनी पिन वर यायला लागली. माणसं येत होती आणि 'पान सापडलं नाही' हे वाचून परत जात होती. सूनबाईंनी हिशेब तपासला तेव्हा पिंटरेस्टवरून येणाऱ्यांतला मोठा वाटा असाच वाया जात होता.

पिन काढून टाकायची म्हटलं तर ते अर्धंच काम. आपण आपली पिन काढली तरी लोकांनी आपल्या बोर्डवर जपलेल्या प्रती राहतात, आणि त्यांच्यामागे तीच लिंक असते. थोडक्यात, लिंक बाहेर गेली की ती परत बोलावता येत नाही. पान जिवंत ठेवणं एवढंच आपल्या हातात.

तीन उपाय समोर होते. सगळ्या मेलेल्या लिंका मुख्य पानाकडे वळवणं सर्वांत सोपं. पण मरून रंगाच्या काठाची साडी बघून आलेल्या माणसाला मुख्य पानावर सोडलं तर तो गोंधळतो, आणि गुगलही अशा वळवण्याला बहुतेक वेळा पान नसल्यासारखंच धरतं. दुसरा, 'विकली गेली' अशी पाटी लावून प्रत्येक पान ठेवणं. प्रामाणिक खरं, पण वर्षभरात अशा पाट्यांचीच रास झाली असती. तिसरा, पानांचा विचारच बदलणं. पान साडीचं नको, नक्षी आणि रंगाच्या घराण्याचं हवं. मरून काठ आणि नैसर्गिक कोसा हे एक कायमचं पान. त्या पानावर सध्या मागावरून उतरलेली साडी असेल तर ती दिसेल. नसेल तर 'ही नक्षी विणून हवी असल्यास' असा अर्ज, आणि खाली त्याच घराण्यातल्या आधी विकल्या गेलेल्या साड्यांचे फोटो.

तिसरा उपाय घेतला. जुन्या पानांचे पत्ते त्या त्या घराण्याच्या पानाकडे कायमचे वळवले. काम किचकट होतं, रात्री वीज गेली की अर्ध्यात राहायचं, पण झालं.

वाद झाला तो तंत्रावर नाही, 'विणून हवी असल्यास' या ओळीवर. सासऱ्यांचा विरोध होता. "फोटोतला रंग तसाच भेटंल असं लिहू नोको. कोसा आपल्या मनाचा राहते." सूनबाईंना वाटत होतं की अशी अट वाचून गिऱ्हाईक पळेल. "मामाजी, लोकं ऑनलाइन फोटो पाहूनच तं घेतेत." शेवटी सासऱ्यांचं ऐकलं: रंग थोडा वेगळा येईल हे ठळक लिहिलं, शेजारी दोन वेगळ्या लॉटचे कोसे एकाच चित्रात दाखवले, आणि निम्मी रक्कम आगाऊ ठेवली. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय हाच होता. तो सुचला मागावर बसणाऱ्या माणसाला. मला किंवा कुठल्या मार्गदर्शकाला नव्हे.

तिसरा निर्णयबिंदू: कधी टाकायचं

पहिल्या वर्षी लग्नाच्या साड्यांच्या पिना तुळशीच्या लग्नाच्या आसपास टाकल्या गेल्या. त्या वर आल्या तोवर लग्नसराई सरत आली होती. पिंटरेस्टवर लोक ठरवायला खूप आधी येतात, आणि पिनेलाही शोधात जागा मिळवायला वेळ लागतो. दुसऱ्या वर्षी रोवणी आटोपल्यावर, श्रावणातच, लग्नाच्या पिना तयार झाल्या. त्या दिवसांत माग मंद असतात, म्हणजे सूनबाईंना फोटो आणि मजकुरासाठी वेळही असतो. शेतीचं वेळापत्रक आणि शोधाचं वेळापत्रक असं एकमेकांना जुळून आलं.

परिणाम

कसोटी ठरवून झाली नाही. सूनबाई बाळंतपणाला माहेरी गेल्या आणि काही महिने कुणीच काही टाकलं नाही. इन्स्टाग्रामवरून येणारे लोक पहिल्याच महिन्यात आटले. पिंटरेस्टवरून येणारे जवळपास तेवढेच राहिले, आणि लग्नसराईच्या तोंडावर तर वाढले. एक नवी पिन न टाकता.

पण त्याच काळात दुसरी गोष्ट उघडी पडली. अर्ज येत होते, व्हॉट्सअॅपवर विचारणा येत होती, आणि उत्तर द्यायला कुणी नव्हतं. खातं, पासवर्ड, फोन सगळं एकाच माणसाकडे. नवऱ्याने काही दिवस प्रयत्न केला, पण इंग्रजीत आलेल्या विचारणांना उत्तर द्यायचं तो टाळत राहिला. त्या महिन्यांतल्या बऱ्याच मागण्या हातच्या गेल्या. वाट बांधली होती, पण घरात कुणी दार उघडायला नव्हतं. आता ठरावीक प्रश्नांची उत्तरं मराठी, हिंदी आणि इंग्रजीत लिहून ठेवली आहेत आणि खातं दोघांच्या फोनवर आहे.

विक्रीचं म्हणाल तर पिंटरेस्टवरून आलेल्या माणसाने तिथल्या तिथे साडी घेतली असं क्वचितच होतं. तो येतो, वाचतो, जातो, आणि कधी आठवड्याने, कधी दोन महिन्यांनी नाव टाकून गुगलवर शोधत परत येतो. म्हणून फक्त पिंटरेस्टच्या आकड्यांवर हे काम तोललं असतं तर ते केव्हाच बंद पडलं असतं. विणून मागवलेल्या साड्यांचा हिस्सा मात्र स्पष्टपणे वाढला. मागावरचं काम आता आगाऊ रकमेवर चालतं, आणि माल पडून राहण्याची चिंता कमी झाली. ब्लाउजच्या पिनांवरून येणाऱ्यांपैकी बहुतेकांना साडी नकोच असते. त्यांच्यासाठी कोशाचा ब्लाउजपीस आणि दुपट्टा सुरू केला. लहान मागावर तो लवकर उतरतो आणि शेजारच्या दोन घरांना रोवणीनंतर लगेच काम मिळतं.

काय वेगळं करता आलं असतं

पानांचे कायमचे पत्ते पहिल्या पिनेच्या आधी ठरायला हवे होते. नंतर वळवण्यात गेलेला वेळ तर गेलाच, पण मधल्या महिन्यांत आलेली आणि परत गेलेली माणसं पुन्हा आली की नाही हे कधीच कळणार नाही. एकेका मालाचा धंदा असणाऱ्या कुणालाही, मग तो बांबूच्या वस्तू करणारा असो की जुनी पितळी भांडी विकणारा, हे आधी करावं असं मी सांगतो.

सुरुवातीला बोर्डही फार झाले. पुढे जे चालले ते तीन-चारच. आणि आकड्यांपैकी फक्त बाहेर जाणाऱ्या क्लिकचा आकडा वहीत लिहायचा असा नियम पहिल्या महिन्यापासून असता, तर सेव्हच्या आनंदात गेलेला काळ वाचला असता. लिंकला ओळखखूण जोडून कोणत्या पिनेवरून कोण आलं ते नोंदवणंही उशिरा सुरू झालं. काहींनी लहान केलेल्या लिंका वापरायचा सल्ला दिला होता. तो घेतला नाही हे बरं झालं, कारण अशा लिंकांकडे पिंटरेस्ट संशयाने बघतं.

परदेशातून येणाऱ्या विचारणांचं काय करायचं हा निर्णय अजून अडकलेला आहे. बाहेरचे पैसे घेणं, कुरिअरचा खर्च, साडी परत आली तर काय, हे सगळं एका विणकर घराने अंगावर घ्यावं की गावातल्या चार घरांनी मिळून घ्यावं, यावर चर्चा चालू आहे. नवरा घेऊ म्हणतो, सासरे थांबू म्हणतात.

आणि एक नवीन डोकेदुखी. यांचे अंगणातले फोटो उचलून कुणीतरी यंत्रमागाच्या साड्यांच्या लिंका जोडून पुन्हा पिन करतं आहे. पिंटरेस्टकडे कॉपीराइटची तक्रार करायची सोय आहे, काही पिना त्यातून निघाल्याही. पण प्रत्येक चोरी शोधत बसायला वेळ नसतो. आता नवीन फोटोंत साडीच्या कोपऱ्यात सासऱ्यांचा हात आणि धोटा येईल असं बघतात, म्हणजे कापून काढणं अवघड जावं. जुन्या फोटोंचं काय, ते पुढच्या श्रावणात बसून ठरवणार आहेत.